बोर्डाच्या वर्षी बकरी

बारावीच्या वर्षात पोरं काय काय धंदे करतात ते मी बघून आहे. कुणी प्रेमात पडतं, कुणी गिटार आणतं, कुणी एकदम देवभोळं होतं. आमच्या समोरच्या दारातल्या शुभ्रा टिपणीसनं बकरी धरली. खरीखुरी, चार पायांची, लेंड्या टाकणारी बकरी. आणि तीही दुबईत राहून, जिथे धडधाकट माणसाला स्वतःची एक खोली मिळवताना नाकी नऊ येतात.

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर म्हणाल हा मध्येच कोण बडबडतोय. मी जोकिम तुस्कानो, वसईत भुईगावचा. जुमेरा लेक टॉवर्सच्या एका हॉटेलात हाउसकीपिंगचा सुपरवायझर आहे. परक्यांच्या चादरींवरचे डाग बघण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, त्यामुळे माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं राहिलेलं नाही. राहतो इंटरनॅशनल सिटीत, बायको ब्रिजिट एका क्लिनिकच्या रिसेप्शनवर बसते, मूलबाळ नाही. समोर टिपणीस. गुणवंत, सुहासिनी वहिनी आणि त्यांची एकुलती एक शुभ्रा. मूल नसलेल्या माणसाला शेजारच्या मुलीचा लळा लागतो, त्याला इलाज नाही. तसा तो मला लागला, आणि त्याची शिक्षा म्हणून मी तिच्या बकरीचा ड्रायव्हर झालो.

ड्रायव्हर मीच का, तर गुणवंताला गाडी येत नाही. येत नाही म्हणजे, तो रोड टेस्टमध्ये इतक्या वेळा नापास झालाय की तिथला परीक्षक आता त्याच्या घरच्यांची खुशाली विचारतो. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात पॅकिंगच्या कारखान्यात क्वालिटी मॅनेजर आहे हा. खोक्याचा कोपरा नखभर दबला तरी अख्खा लॉट परत पाठवणारा माणूस. पण गोल चौकात शिरायचं म्हटलं की तो ब्रेकवरून पाय काढत नाही. आणि स्वभावानं असा की, ‘आज गरम आहे’ म्हटलं तरी विचारेल, कशावरून. देव, दिशा, वार, राहुकाळ, काही काही मानत नाही. मी रविवारी चर्चला निघालो की दारात उभा राहून म्हणायचा, “जोकिम, वर कुणी उचलतं का फोन?” मीही सांगायचो, तुझा नंबर ब्लॉक केलाय.

सुहासिनी वहिनी नेमक्या उलट. त्या दृष्ट काढतात. कुणाची, असं विचारू नका, कुणाची नाही ते विचारा. शुभ्राची काढतात, नवऱ्याची काढतात, नवीन फ्रीज आला तेव्हा फ्रीजची काढली. एकदा माझी काढली, कारण ब्रिजिटनं सांगितलं की ऑफिसात सगळे म्हणतात जोकिम बारीक झाला. मीठमोहरी आणि लाल मिरच्या ओवाळून तव्यावर टाकल्या, आणि पाचव्या मजल्याचा स्मोक अलार्म वाजला. सगळी बिल्डिंग खाली पार्किंगमध्ये. चिनी, फिलिपिनो, मल्याळी, सगळे खोकतायत, वॉचमन वरून माणसं मोजतोय, आणि वहिनी माझ्या कानात सांगतायत, बघा किती लागली होती, वासच आला नाही मिरच्यांचा. त्या दिवसापासून गुणवंतानं घरात मिरची जाळायला बंदी केली. वहिनींनी मग काजळावर भागवलं. पर्समध्ये काजळाची पेन्सिल कायम, संधी मिळाली की कानामागे तीट.

शुभ्रानं आठवीत असतानाच तीट लावून घेणं बंद केलं होतं. “ममा, प्लीज, आय ॲम नॉट अ बेबी,” म्हणायची आणि मान मागे घ्यायची. बापाला हे आवडायचं. आपली मुलगी सायंटिफिक आहे म्हणायचा.

तर बकरी. गुणवंताच्या कारखान्याच्या मालकाची बहीण सुमैय्या. धैदच्या पुढे त्यांचं फार्म आहे, खजुराची झाडं, थोडा चारा आणि शेळ्या. दीड वर्षांपूर्वी स्टाफची पिकनिक तिथे होती. गुणवंत मला ओढून घेऊन गेला, म्हणजे माझी गाडी ओढून घेऊन गेला. जेवायची वेळ झाली, बिर्याणी उघडली, शुभ्राचा पत्ता नाही. शोधत गेलो तर पोरगी गोठ्यात मांडी घालून बसलेली, मांडीवर एक लालसर करडू, आईनं दूध नाकारलेलं, आणि ही त्याला बाटलीनं पाजतेय. नवी पांढरी जीन्स कामातून गेलेली. तो डाग मी बघितला आणि मनात म्हटलं, हा निघायचा नाही.

सुमैय्या बाजूला उभी राहून हसत होती. तिची स्वतःची मुलं परदेशात शिकतात आणि गोठ्यात पाय टाकायचा तर बूट खराब होतील म्हणतात. तिनं शुभ्राला सांगितलं, तू येत जा, हे करडू तुझं. आणि वर हेही सांगितलं की हिवाळ्यात तिकडे पोरांसाठी पशुप्रदर्शन भरतं, अठराच्या आतल्यांचं. जनावर फार्मचं चालतं, पण वाढवलेलं आणि शिकवलेलं स्वतः पाहिजे. झालं. करडाचं नाव पडलं बुंदी, आणि माझे शनिवार-रविवार संपले.

बुंदी ही शामी जातीची. ह्या जातीचं सौंदर्य मला अजून पचलेलं नाही. नाकाचा एवढा मोठा फुगा, खालचा जबडा पुढे आलेला, कान थेट गळ्याखाली लोंबणारे. आमच्या भुईगावात अशी बकरी जन्मली असती तर शेजाऱ्यांनी सांत्वनाला यायला सुरुवात केली असती. इथे मोठाली माणसं तिच्यासमोर उभी राहून उसासे टाकायची, माशाल्ला, माशाल्ला. नाक जितकं वाकडं तितकी बकरी देखणी. मी आरशात माझं नाक बघितलं आणि वाटलं, आपण चुकीच्या जातीत जन्मलो.

आता अडचण अशी की ह्या देशात माणसांना आणि बकऱ्यांना बाहेर उभं राहता येतं ते फक्त हिवाळ्यात. म्हणजे प्रदर्शनाच्या फेऱ्या डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत. आणि आपल्या सीबीएसई बोर्डाच्या प्रीबोर्ड, प्रॅक्टिकल, प्रोजेक्ट, व्हायवा, सगळं अगदी त्याच दिवसांत. दोन्हीकडच्या लोकांनी एकत्र बसून ठरवलं असतं तरी इतकं चपखल जुळलं नसतं. त्यात शुभ्रानं बायो आणि मॅथ्स दोन्ही घेतलेलं. मॅथ्स बापासाठी, बायो स्वतःसाठी. तिला जनावरांचा डॉक्टर व्हायचं होतं. बापाला तिला कॉम्प्युटर इंजिनीअर करायचं होतं. वहिनींना ती नीट जेवावी एवढंच पाहिजे होतं, आणि तेच नेमकं होत नव्हतं.

नोव्हेंबरात एकदा मी त्यांच्याकडे चहाला बसलो असताना ह्या विषयावरून जुंपली. शुभ्रा इंग्रजीत, बाप मराठीत, वहिनी भांड्यांच्या आवाजात. शेवटी गुणवंतानं आपली क्वालिटीची भाषा काढली. म्हणाला, “पुरावा दे. फायनलच्या रिंगणात उतरून दाखव आणि प्रीबोर्डला सहामाहीपेक्षा एक टक्काही खाली येऊ नकोस. दोन्ही जमलं तर व्हेटरनरीचा विचार करीन. एक जरी चुकलं तर खलास. मग इंजिनीअरिंग, आणि बकरीचं नाव ह्या घरात काढायचं नाही.”

“डील,” शुभ्रा म्हणाली आणि आत जाऊन दार लावलं. पोरीचं अख्खं पुढचं आयुष्य ह्या माणसानं एका बकरीच्या गळ्यात बांधलं होतं, आणि बकरी ती बकरी, तिला काय पडलीय.

मग सुरू झाली आमची वरात. शुक्रवारी शाळा अर्धा दिवस. गेटवरून मी तिला उचलायचो, ती गाडीतच ब्लेझर काढून मागे फेकायची, गमबूट चढवायची आणि पुस्तक उघडायची. धैदपर्यंत ऑरगॅनिक केमिस्ट्री. माझ्या हातात प्रश्नांची चिठ्ठी नसली की रागवायची. मी गाडी चालवताना विचारायचं. ‘अंकल, आस्क मी ॲल्डिहाइड्स,’ म्हणायची. मी हॉटेलातली फिनाइल सोडून दुसरी केमिस्ट्री जाणत नाही, तरी विचारायचो. फार्मवर पोचली की बुंदीला दोरीनं चालवणं, चारी पाय सरळ ठेवून उभं करणं, मान वर धरणं, दात दाखवणं. तेही करताना तोंडानं मॅथ्सचे फॉर्म्युले. बुंदी त्यातला एखादा पाठ करील अशी मला भीती होती. आणि रात्री परत येताना पोरगी तोंड उघडं टाकून झोपलेली, अंगाला बकरीचा वास, मांडीवर फिजिक्स.

शाळेत तर वेगळाच तमाशा. एकदा तिच्या दप्तरातून ल्युसर्न गवत सांडलं, अख्ख्या लॅबमध्ये. एकदा बाजूच्या मुलीनं तक्रार केली की शुभ्राच्या बाजूला बसून मळमळतं. क्लास टीचरनं वहिनींना बोलावून अगदी प्रेमानं विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना, पाणी येतं ना. वहिनी घरी येऊन ढसाढसा रडल्या. त्यांच्या सात पिढ्यांत कुणी आंघोळीवरून बोलणी खाल्ली नव्हती. पहिल्या फेरीसाठी सोमवारी शाळा बुडाली, तर शाळेच्या ऑफिसनं डॉक्टरचं सर्टिफिकेट मागितलं. पोरीच्या ओळखीत डॉक्टर एकच होती, आणि तीही जनावरांची.

ती डॉक्टर उझमा. लाहोरची, प्रदर्शनातली पशुवैद्य. अंगानं काडी, आवाजानं फौजदार. शुभ्रानं तिच्याकडे सर्टिफिकेट मागितल्यावर ती म्हणाली, देते की, पण त्यात जंताचं औषध दिलं असं लिहावं लागेल. मग शुभ्रानं मुकाट्यानं शाळेत खरं काय ते सांगितलं आणि टीचरची बोलणी खाल्ली.

ही उझमा प्रत्येक फेरीच्या आधी सगळ्या पोरांना आणि त्यांच्या घरच्यांना उभं करून एकच भाषण द्यायची. जनावराला रंग नाही, तेल नाही, पावडर नाही, खडू नाही. आहे तसं आणायचं. प्रत्येक जनावराचे कान, पापण्या, खूर ओल्या पांढऱ्या कापसानं पुसून बघणार, कापसाला काही लागलं की बाद, त्या सीझनपुरतं बाद. आणि हे कुणी केलं ते मी विचारत बसणार नाही, दोरी ज्याच्या हातात तो जबाबदार. वहिनी हे भाषण ऐकताना दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभ्या राहायच्या. मी बघितलंय. मोहच टाळायचा म्हणून. अख्ख्या सीझनमध्ये त्यांनी त्या बकरीला एक मिरची दाखवली नाही. ब्रिजिट मात्र चर्चमध्ये मेणबत्ती लावून आली. मेणबत्ती कापसाला लागत नाही.

गुणवंतानं हे भाषण एकदाही ऐकलं नाही. त्याचा कारखाना शनिवारीही चालू, आणि बंद असता तरी तो आला नसता. बकरीचा विषय निघाला की पेपर वर करायचा.

जानेवारीत प्रीबोर्ड झाली. मी म्हटलं, आता ही आपटणार. रात्री झोप नाही, दिवसा बकरी, खाणं म्हणजे गाडीत चिकन शवर्मा. मार्क लागले त्या संध्याकाळी वहिनींनी दार वाजवलं, माझ्या हातात पेढा ठेवला आणि काही न बोलता परत गेल्या. पाठोपाठ गुणवंत आला. दीड टक्का वर. हे सांगताना त्याचा चेहरा असा की कुणीतरी त्याच्या खोक्यात खोट काढली. अर्धी अट पुरी झाली होती. उरली फायनल, तिथवरच्या फेऱ्या बुंदीनं काढल्या होत्या. त्यानं मला विचारलं, शनिवारी किती वाजता निघता? मी म्हटलं, तुला कशाला? तर म्हणाला, नाही, रजा टाकलीय, पुरावा प्रत्यक्ष बघितलेला बरा.

फायनलचा शनिवार. मागे वहिनी आणि शुभ्रा, पुढे माझ्या बाजूला गुणवंत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, जणू बकरीनं त्याला इंटरव्ह्यूला बोलावलंय. सगळा रस्ता मला स्पीड सांगत होता. सोमवारी शुभ्राची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल, त्यामुळे मागे सॉल्ट ॲनालिसिस चाललेलं. सुमैय्यानं बुंदीला आदल्या रात्रीच मैदानावर आणून ठेवलं होतं.

आणि काय सांगू, बुंदी त्या दिवशी काय दिसत होती. मला त्या जातीतलं कळत नाही, पण मलाही ती देखणी दिसत होती. शुभ्रानं नुसत्या पाण्यानं आणि ब्रशनं तिला असं केलं होतं की अंगावर ऊन घसरत होतं. आम्ही मांडवात शिरलो तशी गर्दी जमली. फोन बाहेर निघाले. पोरंटोरं, म्हातारे, लांबून लांबून आलेले बकरीवाले, सगळे बघतायत. कुणी बकरीला बघतंय, कुणी तिला धरून ताठ उभ्या राहिलेल्या पोरीला. ही कुणाची, असं एकानं विचारलं. गुणवंत त्याच्या बाजूलाच होता. “माझी,” म्हणाला. बकरीबद्दल विचारलं होतं की मुलीबद्दल ते त्यानंही सांगितलं नाही आणि ह्यानंही विचारलं नाही.

एरवी हा माणूस बारा दिरहॅमच्या चहाचे पावणेतीनशे रुपये करून तो प्यायचं टाळतो, आज म्हणाला, जोकिम, सगळ्यांना करक चहा आण, पैशाचं बघू नको. वहिनींना म्हणाला, डोकं जड झालंय, पर्समध्ये गोळी आहे का बघतो. वहिनींनी पर्स दिली. शुभ्रा शर्ट बदलायला बायकांच्या तंबूत गेली, वहिनी सोबत गेल्या, आणि दोरी पहिल्यांदाच बापाच्या हातात आली. मी चहाच्या रांगेतून बघितलं तर हा बुंदीपासून हातभर लांब, दोरी दोन बोटांत, मेलेला साप धरावा तशी.

चहा घेऊन आलो तोवर शुभ्रा आणि वहिनी परत आलेल्या, दोरी शुभ्राच्या हातात, आणि तपासणी सुरू झालेली. फायनलला भाषण नव्हतं, उझमा थेट आपला डबा घेऊन एकेक जनावर बघत आमच्याकडे आली. शुभ्राला ओळखत होती, पण ओळख दाखवायची नाही हा तिचा खाक्या. दात बघितले, खूर पुसले, कापूस पांढरा. पापण्या पुसल्या, पांढरा. उजवा कान, पांढरा. डावा कान उचलला, मागून कापूस फिरवला आणि थांबली. पुन्हा फिरवला. मग कापूस शुभ्रासमोर धरला. काळाकुट्ट.

डागांच्या बाबतीत मला कुणी शिकवायला नको. मळ नव्हता, ग्रीस नव्हतं. उशांच्या अभ्र्यांवर मी रोज हाच डाग बघतो. काजळ.

“काजल है,” उझमा म्हणाली. “बाहर.”

शुभ्रा आधी हसली. तिला वाटलं गंमत करतेय. मग तिनं कापूस हातात घेतला, बोटांत चोळला आणि आईकडे वळली. तो चेहरा मला बघवेना. “ममा, हाउ कुड यू,” एवढंच म्हणाली, अगदी हळू. वहिनी म्हणाल्या, मी नाही गं, तुझी शपथ, मी नाही. कोण विश्वास ठेवणार? मीसुद्धा ठेवला नाही. मनात म्हटलं, ही बाई सुधारायची नाही, पोरीचं वाटोळं करून ठेवलं. फ्रीजला सोडलं नाही ती बकरीला सोडते काय. सुमैय्या पुढे आली, अरबीतून उझमाशी काही बोलली. उझमानं मान हलवली. सुमैय्यानंही मग हात झटकले, खलास, नियम तो नियम. पुढच्या वर्षी शुभ्रा अठराची होणार, म्हणजे पोरांच्या प्रदर्शनात पुन्हा पाऊल टाकायचा प्रश्नच नाही.

वहिनींनी पर्स उघडली. बघ, माझी पेन्सिल मी काढलेलीसुद्धा नाही, म्हणत आतलं सगळं गवतावर ओतलं. कंगवा, चाव्या, आवळ्याची सुपारी, गोळ्यांचं अख्खं पाकीट. काजळाची पेन्सिल नव्हती.

माझी नजर गुणवंताकडे गेली. पांढऱ्या शर्टाच्या खिशाला खालून काळा डाग फुटला होता. टोपण न लावता पेन्सिल खिशात टाकणारा माणूस, आणि म्हणे क्वालिटी मॅनेजर. मी तोंड उघडणार तेवढ्यात तोच म्हणाला, “मी लावली.”

कुणाला काही कळेना. वहिनी तर खाली वाकलेल्या तशाच राहिल्या. गुणवंतानं पेन्सिल खिशातून काढून उझमाला दिली आणि आपल्या ऑफिसच्या हिंदीत सांगितलं की मॅडम, गलती मेरी है, लडकी को मालूम नहीं था, माँ को भी नहीं. उझमा म्हणाली, ठीक है, पण दोरी तिच्या हातात होती. निकाल तोच राहील. म्हणाली आणि पेन्सिल आपल्या डब्यात टाकली. च्यायला त्या बाईच्या. त्या क्षणी मला तिचा इतका राग आला, आणि गुणवंताचा त्याहून.

शुभ्रा रडत होती. लहानपणी रडायची तशी, नाक पुसायचं भान नाही. “यू डोंट इव्हन बिलीव्ह इन इट,” बापाला म्हणाली. “ऑल माय लाइफ, बाबा. ऑल माय लाइफ यू लाफ्ड ॲट ममा.”

“नाहीच मानत,” गुणवंत म्हणाला.

“देन व्हाय?”

हा माणूस मीटिंगमध्ये तासभर बोलतो, खोक्याच्या कोपऱ्यावर. इथे नुसता शर्टाचा डाग बोटानं पुसत राहिला, तो आणखी पसरला. मग म्हणाला, “सगळे तुझ्याकडे बघत होते गं. एवढे सगळे. मला कसंतरी झालं. तुलाच लावायची होती. तू लावू दिली नसतीस, म्हणून तिला लावली.”

मी चहाचे पाच कप हातात धरून उभा होतो आणि एकही खाली ठेवता येत नव्हता, त्यामुळे डोळे पुसायचीही सोय नाही. उझमानं मला विचारलं, क्या कहा उन्होंने? मी मराठीचं हिंदी करायला तोंड उघडलं आणि ते काही झालं नाही. वहिनी गवतावर बसून पर्समधलं एकेक गोळा करत होत्या आणि नवऱ्याकडे असं बघत होत्या की लग्नानंतर हा माणूस त्यांना आज दिसला.

आतमध्ये फायनल सुरू झाल्याचा भोंगा वाजला. बाकीची पोरं आपापली जनावरं घेऊन रिंगणात गेली. बुंदी बाहेर उभी, शुभ्राच्या शर्टाची बटणं चावत. शुभ्रानं छातीवरचा नंबर काढला आणि घडी करून सुमैय्याच्या हातात दिला. रिंगणाकडे तिनं बघितलंच नाही. बापाकडेही नाही. ती अट तिला आठवत होती, मला आठवत होती, वहिनींना आठवत होती. फायनलच्या रिंगणात उतरून दाखव. आता काय दाखवणार, कपाळ? मी ठरवलं, ह्या माणसानं आता इंजिनीअरिंगचं नाव काढलं तर ह्याला इथेच धैदला सोडून जायचं, जाईल टॅक्सीनं, करेल रुपयांत हिशेब.

गुणवंत उझमाच्या मागे गेला. ती पुढच्या मांडवाकडे निघाली होती. मला वाटलं, आता हा भांडणार, अपील करणार, नियमाची प्रत मागणार. शुभ्रालाही तसंच वाटलं असणार, कारण ती धावली, बुंदीला ओढत. “बाबा, डोंट. प्लीज, जस्ट डोंट.”

त्यानं ऐकलं नाही. उझमाच्या समोर जाऊन उभा राहिला, तो काळा डाग घेऊन, आणि आपल्या कारखान्यात नोकरीला आलेल्या पोरांना विचारतो त्या आवाजात विचारलं, मॅडम, आपने कौनसे कॉलेज से किया? उझमा बघतच राहिली. ज्याच्या पोरीला आत्ता बाद केलं तो माणूस कॉलेज विचारतोय. तिनं सांगितलं. मग ह्यानं विचारलं, प्रवेश कसा मिळतो, मुलींना काम झेपतं का, रात्रीबेरात्री जावं लागतं का, जनावरानं लाथ मारली तर काय. उझमानं पँट गुडघ्यापर्यंत वर करून नडगीवरचा जुना व्रण दाखवला. गाय, म्हणाली. गुणवंतानं वाकून तो व्रण नीट बघितला. मग सरळ झाला, शुभ्राकडे बघितलं आणि पुन्हा उझमाकडे वळला.

“कितने साल का है?”

“पाँच,” उझमा म्हणाली.

“आपल्याकडे साडेपाच, बाबा,” शुभ्रा म्हणाली. मराठीत. नाक अजून गळत होतं.

“साडेपाच तर साडेपाच,” गुणवंत म्हणाला, आणि तिच्या हातातली दोरी घेऊन बुंदीला पाणी पाजायला निघाला.